टिळकवाडीतलं फिलिपिनो घरचं जेवण : आधी आंबट मागवा, मग बाकीचं

बेळगावात फिलिपिनो जेवण मिळतंय म्हटलं की लोकांना वाटतं नवीन चायनीज सुरू झालं असेल, तेच नूडल्स तेच मंच्युरियन, फक्त नावं वेगळी. तसं अजिबात नाही. आणि हे हॉटेलही नाही. टिळकवाडीत एका घरात एक वहिनी शुक्रवार ते रविवार डबे करून देतात, बोर्ड नाही, टेबल-खुर्ची नाही, आधी सांगायचं आणि ठरल्या वेळी दारात जाऊन डबा घ्यायचा, बस. वहिनी मूळच्या फिलिपिन्समधल्या इलोइलो गावच्या, नवरा आपल्या बेळगावचाच, दोघंही आखातात नोकरीला होते आणि तिथून इकडं येऊन राहिले. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते म्हणून मी पण तेच लिहिते. मराठी चांगलं बोलतात, भाजीवाल्याशी कन्नडमधनं घासाघीस पण करतात.

आमच्या घरी आता त्यांच्या यादीतलं बहुतेक सगळं खाऊन झालंय त्यामुळं नीट सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण जे लोक एकदा मागवून "काय खास नाही ओ" म्हणून सोडून देतात ते बहुतेक चुकीच्या पदार्थापासून सुरुवात करतात, आणि मग इतकं चांगलं जेवण हातचं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपण बेळगाव-निपाणीकडची माणसं जेवण तिखटावर मोजतो. रस्सा कसा आहे विचारलं की पहिलं उत्तर तिखट आहे का नाही हेच. फिलिपिनो घरचं जेवण त्या मापानं मोजायला गेलात तर फसणार. तिथं जेवणाचा सगळा डोलारा आंबटावर आणि खारटावर उभा आहे. व्हिनेगर, चिंच, कैरी, बिलिंबी, पेरू, कालामानसी नावाचं छोटं लिंबू, प्रत्येक पदार्थाचं आंबट वेगळं आणि कशात कुठलं घालायचं हे ठरलेलं. मिरची असते, पण ती बाजूच्या वाटीत, ज्याला पाहिजे त्यानं आपलं आपण घ्यायचं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, पहिल्यांदा मागवताय तर आंबट पदार्थ मागवा, ते जिभेवर बसले की बाकीचं आपोआप कळतं.

सुरुवात आदोबोनं करा. मांस, व्हिनेगर, सोया सॉस, ठेचलेला लसूण, तमालपत्र, अख्खे काळे मिरे. एवढंच, कांदा-खोबऱ्याचं वाटण नाही, गरम मसाला नाही, हळद पण नाही. चिकनचा नेहमी असतो, पोर्कचा आधी सांगितलं तर. एकदा मी लवकर पोचले तेव्हा वहिनी करतच होत्या आणि मी दारात उभी राहून बघत होते. व्हिनेगर ओतलं, झाकण न ठेवता उकळी येऊ दिली, आणि मी सवयीनं म्हटलं हलवू का, तर त्यांनी हात आडवा केला. व्हिनेगर घातल्यावर उकळी येऊन त्याचा नाकात जाणारा कच्चा वास उडेपर्यंत डाव लावायचा नाही, नाहीतर तो कच्चेपणा रश्श्यातच राहतो असं त्यांच्याकडं मानतात. खरंच सांगते, पहिली दोन-चार मिनिटं तो वास डोळ्यात पाणी आणतो, आणि मग एकदम बदलतो, लसणाचा आणि मिऱ्याचा वास वर येतो, तेव्हा त्यांनी डाव घातला. शेवटी रस्सा आटवून तेल सुटेपर्यंत ठेवतात आणि त्या तेलात चिकनच्या कडा जरा करकरीत होतात, तो भाग सगळ्यात भारी.

व्हिनेगर कुठलं वापरता विचारलं तर गोव्याचं. आपल्याकडं कॅम्पात आणि गोव्याच्या मालाच्या दुकानांत माडाच्या ताडीचं व्हिनेगर मिळतं ना, तेच. फिलिपिन्समध्ये पण माडाच्या ताडीचं व्हिनेगर करतात, शिवाय उसाचं करतात, त्यांच्या गावासमोरचं नेग्रोस बेट म्हणजे तर सगळा उसाचाच मुलूख. आपल्या जिल्ह्यात एवढा ऊस आहे, साखर होते गूळ होतो पण उसाचं व्हिनेगर कुणी करत नाही, याचं वहिनींना अजून नवल वाटतं. बाटलीतलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर त्या हात पण लावत नाहीत, ते नुसतं बोचतं म्हणतात, माडाच्या व्हिनेगरला मागं थोडी गोडी असते. गोव्याची विंदालू खाल्लेल्या माणसाला आदोबो परका वाटणार नाही, तिकडं पोर्तुगीज आले, फिलिपिन्सवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पॅनिश होते, आणि दोन्हीकडं मांस-लसूण-व्हिनेगर हे त्रिकूट घट्ट बसलं. फरक एवढाच की फिलिपिन्समध्ये मांस व्हिनेगरात शिजवायची पद्धत स्पॅनिश यायच्या आधीपासूनच होती, फ्रीज नसताना गरम हवेत टिकावं म्हणून. सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांकडून आला. सोया सॉस न घालता नुसत्या मिठावरचा पांढरा आदोबो पण असतो आणि मला स्वतःला तोच जास्त आवडतो, त्यात व्हिनेगर कुठलं आहे ते स्वच्छ लागतं. यादीत नसतो, मागितला तर करून देतात.

आणि आदोबो त्याच दिवशी संपवू नका. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, मुरतो. माझी नणंद निपाणीला असते, ती रविवारी येऊन डबा घेऊन जाते आणि सोमवारी त्यांच्याकडं खात नाहीत म्हणून मंगळवारी काढते, आणि दर वेळी फोन करून सांगते की परवापेक्षा आज भारी आहे.

दुसरा नंबर सिनिगांगचा. हे आंबट पातळ कालवण, चिंचेचं. आता चिंच म्हटल्यावर आपल्याला वाटतं आमटीच की, पण यात गूळ नाही, फोडणी नाही, तेलाचा तवंग नाही. तांदूळ धुतलेल्या दुसऱ्या पाण्यात कांदा-टोमॅटो उकळायचे, अरवीचे तुकडे घालायचे म्हणजे रस्सा किंचित दाट होतो, मग मुळा, वांगं, भेंडी, चवळीच्या लांब शेंगा, एक अख्खी हिरवी मिरची न चिरता, आणि कोळंबी किंवा मासा किंवा पोर्क. जुनी काळी चिंच नाही चालत, हिरवी चिंच लागते, ती उकळून कुस्करून गाळून घालतात. दिवाळीनंतर झाडाला हिरव्या चिंचा धरल्या की वहिनींची चंगळ असते, पिरनवाडीकडून कोण कोण पिशव्या आणून देतात. चिंच नसते तेव्हा कैरीवर करतात, आणि कोकणातून कुणी बिलिंबी आणली तर तिच्यावर. तिन्ही खाल्लेत, हिरव्या चिंचेला तोड नाही, कैरीचं जरा उग्र होतं. कोळंबीचं सिनिगांग मिळत असेल तर दुसऱ्या कशाकडं बघू नका, कोळंबीच्या डोक्यातलं सगळं त्या पाण्यात उतरलेलं असतं. एक कमी आहे ती सांगते, त्यांच्याकडं यात कांगकोंग नावाचा पाला घालतात, म्हणजे नाळीची भाजी, ती इथं मिळत नाही म्हणून पालक घालतात आणि पालक घरी आणेपर्यंत विरघळून जातो, त्यापेक्षा न घातलेला बरा.

मुळा खाणार नाही म्हणणाऱ्या आमच्या मुलानं सिनिगांगमधला मुळा खाल्ला. यावरनं काय ते समजा.

त्यातलाच अजून एक प्रकार आहे जो फार थोडे दिवस मिळतो, चिंचेच्या कोवळ्या पाल्यातलं चिकन. चिंचेला नवीन पालवी फुटते, इकडं कन्नड घरांत त्याला चिगुरु म्हणून चटणी-सारात घालतात, तो पाला आलं घालून चिकनमध्ये. आंबट आहे पण चिंचेसारखं दात आंबवणारं नाही, हलकं. वर्षातून थोडेच दिवस येतो तेव्हा यादीत दिसला की विचार न करता सांगून टाका.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या पदार्थाकडं येते, आणि हा खास इलोइलोचा आहे, मनिलाकडच्या लोकांना पण नीट माहीत नसतो असं वहिनी अभिमानानं सांगतात. इलोइलोला २०२३ मध्ये युनेस्कोनं खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं, फिलिपिन्समधलं ते पहिलं, हे त्यांनी मला फोटो दाखवून सांगितलं होतं. तर पदार्थ म्हणजे तूर, पोर्क आणि कच्चा फणस. होय, आपली तूर, अख्खी, डाळ नव्हे, तिला तिकडं कादियोस म्हणतात. कच्च्या फणसाचे तुकडे आणि पोर्क मऊ शिजवून त्यात तूर, आणि आंबटाला बातुआन नावाचं हिरवं फळ. हे बातुआन कोकमाच्या जातीतलं झाड आहे, सख्खं भावंडच म्हणा, दोन्ही गार्सिनिया. इकडं आल्यावर त्यांना बातुआन मिळेना, कुणीतरी अमसूल दिलं, चाखून बघितलं आणि काम झालं. आता खानापूरकडचा फणस, मोसमात तुरीच्या ओल्या शेंगांचे दाणे आणि अमसूल, असं मिळून त्यांच्या आजोळचा पदार्थ इथं होतो. एकच खंत त्यांना आहे, त्यांच्याकडच्या तुरीचे दाणे काळपट असतात, त्यांनी रश्श्याला जांभळट रंग येतो, आपल्या तुरीनं तो येत नाही. अमसुलाचा थोडा लालसर उतरतो तेवढाच.

चव कशी आहे लिहायचं तर अवघड आहे. फणस पोर्कची चरबी पिऊन घेतो आणि तूर तोंडात पिठूळ लागते, त्या दोन्हीच्या जडपणाला अमसूल कापत जातं. मी मूळची शहापूरची, लहानपणापासून फणसाची भाजी खाल्लीय, अख्ख्या तुरीचं कोरड्यास खाल्लंय, अमसुलाचं सार खाल्लंय, पण हे तिन्ही एका भांड्यात येऊ शकतात हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पोर्क न खाणाऱ्यांसाठी त्याच घराण्यातला दुसरा पदार्थ आहे, तूर, चिकन आणि केळीचा गाभा, त्यात गवती चहाची जुडी बांधून टाकलेली असते. केळीचा गाभा चिरताना येणारे धागे बोटाला गुंडाळत गुंडाळत काढायचे असतात, ते काम वहिनी इतक्या झरझर करतात की बघत राहावं. हा पण छान आहे, पण फणसवाल्याची सर नाही.

आजारपणाचं आणि थंडीचं जेवण वेगळं आहे. आमच्या सासूबाईंना पावसाळ्यात ताप येऊन तोंडाची चव गेली होती, पेज नको, खिचडी नको, तेव्हा वहिनींनी आरोस काल्दो करून पाठवला. तांदूळ आल्याच्या भरपूर तुकड्यांत आणि चिकनच्या पाण्यात विरघळेपर्यंत शिजवलेला, वर तळलेला लसूण, कांद्याची पात, अर्धं उकडलेलं अंडं, आणि खाताना लिंबू पिळायचं. पिवळा रंग होता, मला वाटलं हळद, तर ती करडईच्या फुलाच्या वाळवलेल्या पाकळ्या होत्या. फिलिपिन्समध्ये केशराच्या ऐवजी हेच घालतात. करडई आपल्या उत्तर कर्नाटकात एवढी पिकते, आपण बियांचं तेल काढतो, काही ठिकाणी कोवळ्या पाल्याची भाजी करतो आणि फुलाकडं बघत पण नाही. अथणीकडच्या कुणा ओळखीच्या शेतातनं त्या पाकळ्या मागवतात म्हणे. सासूबाईंनी वाटी संपवली आणि संध्याकाळी परत मागितली, त्या आठवड्यात त्यांनी आपणहून काही मागितलेली ती पहिली गोष्ट. लसूण मात्र खाणाऱ्याच्या समोर वर घालायचा असतो, वहिनी पुडीत वेगळा देतात, आधीच घालून ठेवू नका, मऊ पडतो आणि मग मजा जाते.

तिनोला पण याच जातकुळीतला, चिकन, आलं, कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला. तिकडं बाळंतिणीला दूध यावं म्हणून शेवग्याचा पाला घातलेला तिनोला देतात. मला विचाराल तर हा यादीतला सगळ्यात साधा पदार्थ आणि सगळ्यात कमी लोक मागवतात, कारण दिसायला नुसतं पाणी. पण त्यात पातिस असतं, म्हणजे मासळी खारवून मुरवून काढलेलं पाणी, त्यानं त्या साध्या रश्श्याला जो खालून आधार येतो तो मिठानं येत नाही. भातावर ओतून खा, चमच्यानं सूपसारखं पिऊ नका.

भाताबद्दल पण बोलायला पाहिजे. वहिनी इंद्रायणी देतात आणि तेच बरोबर आहे, कारण या जेवणात भात जरा चिकट, मऊ पाहिजे, रस्सा धरून ठेवणारा. सुट्टा बासमती घरी करून त्याच्याबरोबर खाल्लात तर रस्सा ताटात पळत राहतो. भाकरीबरोबर? आदोबो जोंधळ्याच्या भाकरीबरोबर चालतो, आमच्या घरी पुरुष मंडळी तसंच खातात. सिनिगांग नाही चालत.

शुक्रवारी फक्त एक गोष्ट असते, मोंगो. अख्खे मूग, लसूण-कांदा-टोमॅटोवर परतून मऊ शिजवलेले, शेवटी शेवग्याचा किंवा कारल्याचा पाला. फिलिपिन्समध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक, ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून शुक्रवारी मूग करायची पद्धत पडली आणि मग ती वर्षभराचीच झाली. पण तिकडं त्यात बऱ्याचदा सुकी मासळी, कोळंबी किंवा डुकराची कुरकुरीत चरबी घालतातच, त्यामुळं शाकाहारी लोकांनी इथं लक्ष द्या. तुम्ही लिंगायत किंवा जैन घरातले असाल किंवा त्या दिवशी वार असेल तर "पातिस नको, सुकं नको, पूर्ण शाकाहारी" असं ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगा. सांगितलं तर वहिनी भांडंच वेगळं घेतात, याबाबतीत एकदम कडक आहेत. न सांगता "भाजीच आहे ना" म्हणून गृहीत धरू नका, कारण यांच्या साध्या भाजीत पण पातिस नाहीतर बागोओंग असू शकतं, म्हणजे जवळा खारवून आंबवलेला लगदा. शाकाहारी करून घेतलेला मोंगो चांगला असतो पण सुक्या मासळीचा तो वरचा खारटपणा नसतो, त्यामुळं तो माझ्या मते ठीक, बराच उजवा असा नाही. अंडं खाणारे असाल तर तोर्तांग तालोंग मागवा, अख्खं वांगं जाळावर भाजून सोलून देठासकट चपटं करायचं आणि फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर टाकायचं. वांग्याचा धूर अंड्यात उतरतो, आणि देठाला धरून खायचं.

रविवारी सकाळचा नाश्ता मिळतो तो लवकर संपतो. शिळा भात भरपूर लसणावर परतलेला, अंडं, आणि सोबत काहीतरी खारट किंवा आंबट. आणि थंडीत चांपोराडो, चिकट तांदळाची कोको घातलेली गोड लापशी, जिच्याबरोबर खारवलेली सुकी मासळी तळून खातात. वाचून तोंड वाकडं करू नका. इथं कारवारकडची सुकी तारली मिळते ती देतात. एक चमचा गोड, एक तुकडा खारट. मला आवडलं, आमच्या ह्यांना बिलकुल नाही, त्यांनी मासळी भाताबरोबर खाल्ली आणि चांपोराडो मुलानं. तेव्हा हे आपापल्या जबाबदारीवर.

आता काय मागवू नये. स्पॅगेटी. बरेच लोक ओळखीचं नाव म्हणून हेच मागवतात आणि मग सगळ्या जेवणाबद्दल मत बनवतात. फिलिपिनो स्पॅगेटी गोड असते, त्यात केळ्याचं केचप घालतात. त्या केचपाची गोष्ट मात्र मोठी आहे, मारिया ओरोसा नावाच्या फिलिपिनो बाईंनी, त्या अन्नतंत्रज्ञ होत्या, टोमॅटोच्या ऐवजी तिथं भरपूर पिकणाऱ्या केळ्यापासून केचप तयार केलं, आणि १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्या मारल्या गेल्या. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण स्पॅगेटी लहान मुलांच्या वाढदिवसाला ठीक, जेवण म्हणून नाही. पान्सित, म्हणजे परतलेले नूडल्स, चांगले असतात, वाढदिवसाला लांब आयुष्यासाठी खातात तिकडं, पण घरी येईपर्यंत गार होऊन एकमेकांना चिकटतात, दारात उभं राहून खाणार असाल तर घ्या. कारे-कारे म्हणजे शेंगदाण्याच्या दाट रश्श्यातल्या भाज्या, तिकडं मांस घालून करतात, इथं वहिनी केळफूल, वांगं, शेंगा घालतात. शेंगदाण्याचा रस्सा आपल्याला नवीन नाही आणि बागोओंग सोबत असल्याशिवाय या पदार्थाला काही अर्थ नाही, बागोओंग मात्र आखातातनं कुणी आणलं तरच असतं. ते आहे का विचारून मगच सांगा.

आणि एक गोष्ट जेवणाच्या यादीत नाही पण तीच मी सगळ्यात जास्त वेळा आणते, सिनामाक. इलोइलोकडचं मुरवलेलं व्हिनेगर. बाटलीत लवंगी मिरच्या, लसणाच्या अख्ख्या पाकळ्या, आल्याचे काप, काळे मिरे घालून वर माडाचं व्हिनेगर, आणि तसंच मुरत ठेवायचं. तिकडं आल्याच्या जातीतलं दुसरं एक मूळ पण घालतात, इथं आल्यावर भागवतात. जितकी जुनी बाटली तितकी चांगली. अर्धी संपली की वरून परत व्हिनेगर घालून वापरत राहायचं. तळलेल्या मासळीवर, भाजलेल्या चिकनवर, काकडीवर, काहीही. तिखट पाहिजे म्हणणाऱ्यांनी ही बाटली घेतली की त्यांची तक्रारच मिटते. माझ्या सांगण्यावरनं वहिनींनी एक बाटली संकेश्वरी मिरची घालून केली, रंग छान आला पण तिखटपणा लवंगीवालीचाच धारदार, तेव्हा नेहमीचीच घ्या.

गोडात लेचे फ्लान म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकाचं आणि आटवलेल्या गोड दुधाचं घट्ट कस्टर्ड, लंबगोल पत्र्याच्या साच्यात खाली साखर जाळून वर ओतून वाफवलेलं. फार जड, एक साचा चार जणांना पुरतो. तुरोन हलकं, केळ्याची फोड साखरेत घोळवून पातळ पापुद्र्यात गुंडाळून तळायची, आत फणसाच्या गऱ्याची एक पट्टी. मे महिन्यात पिकलेला फणस असताना जे तुरोन असतं ते बाकी वर्षात नसतं. पापुद्रा कुरकुरीत असेपर्यंतच खायचं, डबा बंद करून गाडीवर आणलं तर वाफेनं नरम पडतं, मी झाकण उघडं ठेवून आणते.

तक्रारी आहेत त्या पण लिहिते, वहिनींना तोंडावर सांगितल्यात म्हणून इथं लिहायला हरकत नाही. रस्सा प्लास्टिकच्या पातळ डब्यात देतात, स्कूटीवर सांडतो, आणि आंबट गरम रस्सा प्लास्टिकात देऊच नये असं मला वाटतं. आता स्टीलचा डबा घरून नेला तर त्यातच भरून देतात, तसंच करा. वेळ पाळत नाहीत, साडेबाराचं एक होतंच, कारण मदतीला कुणी नाही. मासे गोव्याहून येतात त्यावर अवलंबून, त्यामुळं सिनिगांग सांगितलं आणि ऐनवेळी तिनोला मिळालं असं होऊ शकतं. फोन करून विचारतात तरी, परस्पर बदलत नाहीत. किंमत साध्या नॉनव्हेज थाळीपेक्षा थोडी जास्त आहे पण एका डब्यात दोघांचं आरामात भागतं, आणि लसूण-आलं-मांस कशातच हात आखडता नसतो.

बुधवारी त्या आठवड्याची यादी व्हॉट्सअॅपवर येते, गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं. शनिवारी इकडं बऱ्याच घरांत खात नाहीत म्हणून शनिवारी गर्दी कमी असते, खाणाऱ्यांनी शनिवार धरा, रविवारी अकरानंतर काही उरत नाही. पहिल्यांदा दोन माणसांसाठी मागवत असाल तर एक चिकन आदोबो, एक कोळंबीचं सिनिगांग, जास्तीचा भात आणि सिनामाकची एक छोटी बाटली. दुसऱ्या वेळी तूर-फणस. डिसेंबरात बिबिंका करतात, तांदळाच्या पिठाचा नारळाच्या दुधातला केक, केळीच्या पानावर, खाली निखारे आणि वर पण झाकणावर निखारे ठेवून भाजलेला. तिकडं १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे चर्चमधनं बाहेर पडलं की दारात हा गरम गरम खातात. इथं चुलीवर एका वेळी एकच होतो म्हणून मोजकेच करतात, पाहिजे असेल तर नोव्हेंबर संपायच्या आत नाव लावून ठेवा, उशीर केलात तर यादी भरलेली असते.